एकाच लेखनाची तीन दर्शने

संगणकाला द्यावयाच्या आज्ञा ज्या लेखनात मांडलेल्या असतात, त्यास 'सोर्स कोड' म्हणतात. हे लेखन पुष्कळदा हजारो ओळींचे व अनेक फाइलींत विभागलेले असते. कादंबरीप्रमाणे आरंभापासून अखेरपर्यंत वाचून त्याचा उलगडा होत नाही.

तिरोडीच्या मँगनीज खाणीचेच उदाहरण घ्या. खाणीचा नकाशा तिची लांबीरुंदी दाखवितो, तर उभा छेद खोली दाखवितो. दोन्ही शेजारी ठेवले म्हणजेच खनिजाचा थर कसा पसरला आहे ते उमगते.

एडिटरमध्येही हीच युक्ती असते. एका बाजूस नावांची अनुक्रमणिका, मध्ये मूळ मजकूर आणि खाली त्या नावाचा जेथे जेथे उपयोग झाला त्या ओळींची यादी. यादीतील ओळीवर टिचकी मारताच मजकूर त्या स्थळी सरकतो. २०१५ साली आलेल्या व्हिज्युअल स्टुडिओ कोडमध्ये विंडोजवर एफ १२ ही कळ दाबली असता नावाची मूळ व्याख्या दिसते. शिफ्टसह दाबली असता त्याचे सर्व उपयोग दिसतात.

याचे महत्त्व काय? समजा, निकालपत्रकासाठी 'एकूण' या आज्ञासमूहात तोंडी परीक्षेचे गुण मिळविले. शिष्यवृत्तीची यादीही त्याच 'एकूण'वर आधारलेली असेल, तर तिचा क्रम मुकाट्याने बदलेल आणि एखादा पात्र विद्यार्थी वगळला जाईल. संगणक चूक दाखविणार नाही, कारण आज्ञा व्याकरणशुद्धच आहे.

म्हणून एका ओळीस हात लावण्यापूर्वी तिचे धागे कोठवर गेले आहेत, हे अवश्य पाहावे.