मजुरी चिठ्ठीत नको, रोख द्या

व्यापारी व कारागीर बंधूंनो, मजुरी किती द्यायची यावर आपण घासाघीस करतो; पण ती कशात द्यायची, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे.

अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया, केंटकी या भागांत कोळसा खाणींचे मालक कामगारांना पैशांऐवजी कंपनीचे बिल्ले व चिठ्ठ्या देत. त्या कंपनीच्याच दुकानात चालत. माल कंपनीचा, भावही कंपनीचा. रोख हवी असेल तर बट्टा सोसावा लागे. आपल्याकडे आसामच्या चहामळ्यांतही असे बिल्ले चालत. तिथे सुट्या नाण्यांची टंचाई होती.

आमच्या कापडधंद्यात याचा दुसरा प्रकार होता. मुंबईच्या गिरण्यांत खराब निघालेले कापड विणकराच्या माथी मारून त्याची किंमत पगारातून कापत. ते कापड त्याने मिळेल त्या भावाने विकायचे. अशा कपातींचा विचार 1929 साली नेमलेल्या व्हिटली कमिशनने केला. 1931 साली अहवाल आला, 1936 साली पगार वाटपाचा कायदा झाला. मजुरी चालू नाण्यांत किंवा नोटांतच द्यावी, असे त्याने ठरवले. 2019 च्या वेतन संहितेत रोख, चेक किंवा बँक खाते हे मार्ग आहेत; चिठ्ठी किंवा माल नाही.

कोणी म्हणेल, निजामी राजवटीत आपल्या औरंगाबादेतही हाली आणि कलदार रुपयांत बट्टा होताच. होता. 7 हाली म्हणजे साधारण 6 कलदार. पण तो दर सर्वांना ठाऊक होता आणि हाली कोणत्याही दुकानात चाले. चिठ्ठीची किंमत मात्र देणाराच ठरवतो.

हिशेब करून पाहा. कारागिराला 5000 रुपयांच्या चिठ्ठ्या दिल्या. दवाखान्यासाठी, मुलांच्या फीसाठी त्याने त्या शंभराला ऐंशीने मोडल्या, तर हाती 4000 उरतात. हजाराची मेहनत गेली. असा कारागीर दुसरीकडे रोख मिळताच आपला माग सोडतो. मग नुकसान मालकाचेही होते.

म्हणून आमचे सांगणे एवढेच: मजुरी आधी हातात द्या. आपल्या दुकानातून कापड घ्यायचे की नाही, हे नंतर त्याला ठरवू द्या. उचल दिली असेल तर वहीत वेगळी मांडा आणि वाचून दाखवून सही घ्या. हिशेब साफ असला की मालक आणि कारागीर दोघांचाही धंदा टिकतो.