गोळी बंद केली ते दोन महिने

अँजिओप्लास्टी होऊन पाच महिने झाले होते. रोज रात्री जेवणानंतर कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन गटातली गोळी, ॲटोर्व्हास्टॅटिन ४०, चालू होती. पोट सतत डब्ब असायचं, रात्री दोनला जाग आली की पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नसे. स्टॅटिनमुळे आतड्यातले जिवाणू बदलतात असं वाचनात आलं आणि मी कुणाला न विचारता गोळी थांबवली. घरात हिलाही सांगितलं नाही.

दोन महिन्यांनी रक्त तपासलं. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ६६ वरून १४८! डॉक्टर रागावले नाहीत. “काका, त्रास होता तर एक फोन का नाही केलात?” एवढंच म्हणाले. मला उत्तर सुचलं नाही.

मी वाचलेलं खोटं नव्हतं, अर्धवट होतं. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्लं बनवतं, ती आतड्यात उतरतात आणि तिथले जिवाणू त्यांचं रूप पालटतात. तेव्हा या औषधाचा जिवाणूंशी संबंध येणारच. पण २०२० साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या मोठ्या अभ्यासात स्टॅटिन घेणाऱ्या स्थूल माणसांमध्ये दाहाशी जोडलेली जिवाणूंची घडण उलट कमी आढळली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लंडनच्या इम्पिरिअल कॉलेजने त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना आलटूनपालटून काही महिने खरी गोळी दिली, काही महिने औषध नसलेली, काही महिने काहीच नाही. खऱ्या गोळीने होणाऱ्या त्रासातला ९० टक्के त्रास औषध नसलेल्या गोळीनेही झाला.

पण म्हणून त्रास खोटा ठरत नाही. झोप बिघडू शकते हे ॲटोर्व्हास्टॅटिनच्या माहितीपत्रकातच छापलेलं असतं. फक्त गुन्हेगार आपणच ठरवून मोकळं होऊ नये. वही ठेवा: गोळी किती वाजता, जेवण कधी, शेवटचा चहा कधी, झोप किती. ती वही डॉक्टरांपुढे ठेवा. सिमव्हास्टॅटिन रात्री घेतात, कारण शरीरात कोलेस्टेरॉल रात्री जास्त बनतं आणि त्या गोळीचा अंमल लवकर ओसरतो. ॲटोर्व्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन जास्त वेळ टिकतात, त्यामुळे वेळ बदलता येते. गोळीही बदलता येते. मात्र अंग जबर दुखून लघवी गडद होऊ लागली तर वहीत लिहीत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

माझी गोळी सकाळवर आली. वहीत दिसलं की जेवण साडेदहाला आणि चहा रात्री आठला व्हायचा. दोन्ही अलीकडे आणले. महिन्याभरात रात्रीची झोप सलग लागू लागली, पोटही हलकं झालं. परवाच्या तपासणीत एलडीएल ६४ आलं. रिपोर्टचं पाकीट हल्ली आधी हीच उघडते.