पूर ओसरल्यावर आधी मोटर

मी रावेतला राहतो आणि चाकणच्या एका कारखान्यात मेंटेनन्स बघतो. मूळ गाव कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातलं, नदीकाठचं. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली. तिथली धोक्याची पातळी 45 फूट आहे. शिरोलीजवळ पाण्याखाली गेलेला महामार्ग खुला झाला, तसे आम्ही काही फिटर आणि इलेक्ट्रिशियन हत्यारांच्या पेट्या घेऊन गावाकडे निघालो. 2021 ला पुन्हा पूर आला, पुन्हा गेलो. तिथे हाताखालून गेलेलं हे लिहून ठेवतोय, कारण रावेतही पवनेच्या काठावरच आहे.

1. कपड्यांआधी कारागीर पाठवा. गावाच्या वेशीवर जुन्या कपड्यांचे ढीग भिजत पडले होते आणि वायरमन मात्र शोधून सापडत नव्हता. लोकांच्या मनात माया होती, पण गावाला त्या घडीला पाना आणि इन्सुलेशन तपासायचा मेगर हवा होता.

2. सगळ्यात आधी नळपाण्याची मोटर. गावभर पाणीच पाणी होऊन गेलेलं, पण घरातला चिखल धुवायला बादलीभर स्वच्छ पाणी नाही. चिखल एकदा वाळला की फरशीवरून खरवडून निघत नाही, म्हणून हे काम थांबू शकत नाही. नदीकाठच्या जॅकवेलवरची, म्हणजे पाणी उपसायच्या विहिरीवरची मोटर बुडाली असेल तर लाइट आल्या आल्या बटण दाबायचं नाही, वाइंडिंग जळतं. मोटर खोलायची, गोड्या पाण्याने गाळ धुवायचा, बेअरिंग बदलायचं, मग हॅलोजनच्या उष्णतेवर वाइंडिंग सुकवायचं. मेगरवर इन्सुलेशन नीट दिसेपर्यंत धीर धरायचा. स्टार्टर आणि पॅनलचंही तसंच. सरपंचांपासून पोरांपर्यंत सगळे ‘कधी चालू करताय’ म्हणून भोवती उभे असतात, तेव्हा हा धीर फार जड जातो. पण घाईत जाळलेली मोटर रिवाइंडिंगला गेली, तर गाव आणखी काही दिवस टँकरच्या रांगेत. निवारा छावणीतल्या एका मावशींना विचारलं, घरी कधी जाणार? म्हणाल्या, “नळाला पाणी येऊ दे बाबा, मग बघ कशी पळत जाते.” खरोखर, नळ सुरू झाला त्या दिवशी छावणी निम्मी रिकामी झाली.

3. आलेलं पाणी लगेच पिऊ नका. टाकी घासून घ्या आणि पाण्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर घाला. साधारण हजार लिटरला पाच ग्रॅम. ते कोरडं टाकायचं नाही. बादलीत कालवून, चुना खाली बसला की वरची निवळ तेवढी ओतायची आणि अर्धा तास थांबायचं. शेवटच्या घरच्या नळाला क्लोरीनची ओटी टेस्ट करून पिवळी छटा येते का बघायचं. आमच्या गावचा जलसुरक्षक हे रोज करत होता. त्या दिवसांत गावाचा खरा डॉक्टर तोच.

4. भिंतीवर विश्वास ठेवू नका. मातीत बांधलेली विटांची भिंत पाण्यात उभी राहते आणि पाणी गेल्यावर, ऊन पडलं की बसते. भिंतीला पोट आलेलं दिसलं किंवा कोपऱ्यात चीर गेली असेल, तर त्या खोलीत झोपायचं नाही. टेकू द्या, पत्रे उतरवा. ओल्या भिंतीवर गिलावा चढवायची घाईही नको. खालचा गिलावा खरवडून भिंत वाळू द्या.

5. धुण्याआधी फोटो. पाण्याची खूण भिंतीवर दिसते तोवर घरमालकाला शेजारी उभं करून फोटो काढा, मग तलाठ्याकडून पंचनामा. 2019 ला सरकारची तातडीची मदत ग्रामीण भागात कुटुंबाला 10 हजार आणि शहरात 15 हजार होती. त्यातले 5 हजार रोख, उरलेले बँकेत. पासबुक वाहून गेलेल्यांना त्या उरलेल्यांसाठी खेटे घालावे लागले. भाडेकरूंची दशा आणखी वाईट. घर त्यांचं नाही म्हणून घराची मदत नाही, आणि संसार मात्र त्यांचाच वाहून गेलेला. हे मला आजही पटत नाही.

6. संडासाचा विचार कुणी करत नाही. शोषखड्डे तुंबलेले असतात, जमीन पाणी पीत नाही. बायका अंधाराची वाट बघत दिवसभर पाणी पीत नाहीत आणि आजारी पडतात. मैला उपसणारी गाडी पहिल्याच दिवशी मागवा.

7. आता रावेत. इथल्या बंधाऱ्यावरूनच पिंपरी-चिंचवड महापालिका पवनेचं पाणी उचलते आणि ते निगडीला शुद्ध होऊन शहराला मिळतं. नदी इतकी जवळ, म्हणून पूररेषाही समजून घ्या. निळ्या पूररेषेचा अर्थ 25 वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल रेषेचा 100 वर्षांतून एकदा येणारा. पण शिरोळने 2005, 2019 आणि 2021 असे तीन पूर सोळा वर्षांत सोसले. तरी तळघरात पाण्याचे पंप, मीटर, लिफ्टचं पॅनल, जनरेटर असं सगळं एकत्र मांडलेल्या इमारती मी नदीजवळ बघतो. तळघर भरलं तर बाराव्या मजल्यावरची आजी कोरड्या घरात पाण्यावाचून अडकेल. आमच्या सोसायटीच्या सभेत मी मागणी केली आहे: पॅनल आणि मीटर वर घ्या, पंपाला वेगळी वायर टाका, आणि हे काम पावसाळ्याच्या आत करा. वायरिंग करायला मी रविवारी मोकळा आहे.