फी भरण्याआधी

आमच्या रात्रीच्या वर्गाला गंगापूरकडचे एक गृहस्थ येत. वडिलांपासून चपला-जोडे सांधायचं काम. हात चांगला. एके दिवशी म्हणाले, "गुरुजी, दोन शेरडं विकली. शहरात गाडीच्या सीटा शिवायचा कोर्स निघालाय, तो करतो."

आम्ही विचारलं, "तिथं कुणाला शिवताना पाहिलंत का?"

"नाही. पण सर्टिफिकेट देतात."

महिन्यानं परत आले. सर्टिफिकेट होतं. मशीनवर मात्र चारच वेळा बसायला मिळालं होतं. बाकी वेळ फळ्यावरची चित्रं वहीत उतरवली. शेरडं गेली ती गेलीच.

मंडळी, त्यांचा विचार काही चुकीचा नव्हता. वाळूजला १९८५ साली बजाजचा गाड्यांचा कारखाना सुरू झाला. छत्रपती संभाजीनगरात आज दारोदार दुचाकी उभी दिसते. उन्हानं सीटा तडकतात, तेव्हा काम आहे. पण गाडीची सीट बहुधा चामड्याची नसते, रेक्झिनची असते. दोन्हींची जात वेगळी.

चामडं म्हणजे जनावराची कातडी. ते तेल पितं. भिजलं की ताणतं, वाळलं की आवळतं. रेक्झिन म्हणजे कापडावर प्लास्टिकचा थर. उलटं करून पाहा. चामड्याला मागून तंतू दिसतात, रेक्झिनला कापड. रेक्झिनला तेल पाजून उपयोग नाही. उष्णतेनं ते मऊ पडतं, जास्त झाली तर वितळतं. चपलेचं पिवळं सोल्युशन त्यावर नीट धरत नाही, त्याचं वेगळं मिळतं. आणि टाके फार जवळ घातले, तर भोकांच्या ओळीवरूनच फाटतं, पोस्टाच्या तिकिटासारखं! शिकवणाऱ्याला हे सगळं विचारा. तोंडानं सांगितलं तर ठीक. हातानं करून दाखवलं तर मग पुढं बोला.

फी भरण्याआधी एक दिवस तिथं नुसते बसून या. बसू देत नसतील तर तेवढ्यानंच काय ते कळलं. मशिनी किती, माणसं किती, मोजा. दहा जणांत एक मशीन असेल, तर आठ तासांत तुमच्या वाट्याला ४८ मिनिटं येतात. तिथं शिकलेल्या कुणाचं दुकान असेल तर तेही पाहा. त्यानं सहा महिन्यांमागं शिवलेली सीट बघायची. नवी शिवण सगळ्यांचीच छान दिसते.

हिशेबही मांडा. समजा फी ६,००० रुपये. दोरा-माल वजा जाता एका कामात ६० रुपये उरले, तर पहिली १०० कामं फीपायीच गेली. बुडालेली रोजी वेगळी.

सरकारची पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. तिच्या १८ धंद्यांत चर्मकाराचा धंदा आहे. प्राथमिक प्रशिक्षण पाच ते सात दिवसांचं, रोज ५०० रुपये भत्ता, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत. शेरडं विकावी लागत नाहीत. पण त्यात सीटेचं काम किती शिकवतात, हे तिथंही आधी विचाराच.

आमचे गृहस्थ आता आठवड्यातून दोन दिवस शहरातल्या एका सीटवाल्याजवळ बसतात. पहिला महिनाभर त्यानं नुसती जुनी कव्हरं उसवायला दिली. उसवताना शिवण समजते, असं हे म्हणतात. परवा पहिली सीट त्यांनी एकट्यानं चढवली.