पिना बाउश आणि नृत्यनाट्याची नवी वाट
नृत्य म्हणजे घटविलेल्या मुद्रा आणि पदन्यास, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. जर्मनीच्या पिना बाउश (१९४०–२००९) यांनी ती खोटी ठरविली. एसेन येथे कुर्ट योस यांच्या हाताखाली शिकलेल्या पिना १९७३ साली वुपर्टालच्या नृत्यसंस्थेच्या प्रमुख झाल्या. तालमीत त्या नर्तकांना प्रश्न विचारीत. त्यांच्या उत्तरांतून, आठवणींतून प्रसंग उभे राहत. १९७८ चे ‘कोन्टाक्टहोफ’ हे नृत्यनाट्य पुढे त्यांनी २००० साली पासष्टीपुढील सामान्य नागरिकांकडून आणि २००८ साली किशोरवयीन मुलामुलींकडून करवून घेतले. ही मंडळी व्यावसायिक नर्तक नव्हती. स्नेहसंमेलनात ‘मला नाचता येत नाही’ म्हणून पडद्यामागेच राहणाऱ्या आपणा विद्यार्थ्यांनी हे अवश्य ध्यानात घ्यावे.