रस्त्याच्या पाटीवर बाईचं नाव

सख्यांनो, या महिन्याचा अभ्यास जरा वेगळा आहे. तालुक्याला जाताना चौकांच्या आणि रस्त्यांच्या पाट्या वाचा. त्यात बायकांची नावं किती? राणी, राजमाता, एखादी देवी सापडेल. पण गाणारी, नाचणारी, चित्र काढणारी बाई? क्वचितच.

नावात काय एवढं, असं कुणी म्हणेल. पण बघा, डिसेंबर २०२० मध्ये आपल्या राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. पाटीवरचं नाव माणसाला कमी लेखू शकतं, तसंच ते मानही देऊ शकतं.

दोन शहरांची उदाहरणं

ऑस्ट्रिया देशाची राजधानी व्हिएन्ना. तिथे जुन्या विमानतळाच्या जागेवर झेस्टाट नावाची नवी वसाहत उभी राहिली. शहरातल्या पाट्यांवर पुरुषच जास्त आहेत हे ध्यानात घेऊन, इथल्या बहुतेक रस्त्यांना आणि चौकांना बायकांची नावं दिली. गायिका जॅनिस जॉप्लिन हिच्या नावाचा तिथे फिरायचा रस्ता आहे. बाजाराचा मुख्य रस्ता मारिया टुश हिच्या नावाने आहे. ती तंबाखूच्या कारखान्यात राबणारी कामगार, पुढे खासदार झाली.

दुसरं उदाहरण अयोध्येचं. तिथल्या नया घाटाजवळच्या चौकाला लतादीदींचं नाव आहे. २८ सप्टेंबर २०२२ रोजी, त्यांच्या जन्मदिवशी, त्याचं उद्घाटन झालं. चौकात ४० फुटी वीणा आहे, वजन १४ टन. ती घडवली राम सुतार यांनी, आपल्या धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे.

आपल्या मातीतल्या दोघी

लतादीदींना सगळं जग ओळखतं. पण जिची कला घरात, शेतात किंवा फडात राहिली, तिचं काय?

बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव यांनी कविता उतरवून घेतल्या आणि आचार्य अत्रे यांच्यामुळे त्या लोकांपुढे आल्या. पुस्तक निघालं १९५२ मध्ये. बहिणाबाई त्याआधीच, १९५१ मध्ये गेल्या होत्या. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, तेही २०१८ पासून. तमाशा गाजवणाऱ्या विठाबाई नारायणगावकर २००२ मध्ये गेल्या. त्यांच्या नावाने आता राज्याचा जीवनगौरव पुरस्कार दिला जातो. कुणी उतरवून ठेवलं, आठवण ठेवली, म्हणून ही नावं टिकली.

आपण काय करायचं?

१. गावातल्या कलावंत बायकांची यादी करा. ओव्या म्हणणारी, गोधडी शिवणारी, भिंतीवर चित्रं काढणारी, भजनाची चाल बसवणारी. नाव पूर्ण लिहा. नुसतं ‘अमक्याची आई’ नको.

२. रस्ता कुणाच्या ताब्यात आहे ते ग्रामसेवक भाऊसाहेबांना विचारा. ग्रामपंचायतीचा, जिल्हा परिषदेचा की बांधकाम खात्याचा, त्यावर पुढचा अर्ज ठरतो.

३. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावीच लागते. विषय तिथे मांडा, लेखी नोंद करून घ्या आणि मग ग्रामसभेत ठराव मागा. एकटीने नको, सगळ्या गटांनी मिळून जायचं.

४. नाव देण्याआधी तिच्या घरच्यांना विचारा.

एक गोष्ट विसरू नका

कलावंत बाई हयात असेल तर पाटीआधी तिच्या पोटाचं बघा. ५० वर्षांवरील गरजू कलाकारांसाठी राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलाकार मानधन सन्मान योजना आहे. महिना ५,००० रुपये मिळतात. पंचायत समितीत चौकशी करा आणि अर्ज भरायला तिच्यासोबत जा. पाटी लागली आणि ती बाई उपाशी राहिली, तर तो कसला मान?

बैठकीत चर्चेसाठी

• आपल्या गावात बाईच्या नावाची एखादी जागा आहे का? ती बाई कोण होती?
• आजीकडून ऐकलेली ओवी गटात कुणाला येते? ती आजच वहीत उतरवून घ्या, खाली आजीचं नाव लिहा.