शस्त्रप्रेमींच्या ग्रुपमधून मान्यताप्राप्त कोर्स: सर्टिफिकेट छापण्याआधी हे वाचा



समजा, तुम्ही पोहरादेवीला राहता. जुन्या शस्त्रांचं वेड आहे. मोबाईलवर ग्रुप काढला आणि बघता बघता चारशे माणसं जमली. कुणी कोल्हापूरचा मर्दानी खेळवाला, कुणी नागपूरचा संग्राहक, कुणी इतिहासाचा प्राध्यापक. कुणीतरी मुठीचा फोटो टाकतो आणि अर्ध्या तासात उत्तर येतं. मग एक दिवस मागणी येते, "दादा, याचा कोर्स काढा ना, सर्टिफिकेटसकट!"

यात पैसा आहे का? आहे. धोका आहे का? तोही आहे. व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून इथे नीट मांडतो.

१. आधी विचारा: हे ज्ञान कुणाला हवंय?

२९ एप्रिल २०२५ रोजी लंडनच्या लिलावातून महाराष्ट्र सरकारने रघुजी भोसले यांची तलवार मिळवली. खर्च साधारण ४७ लाख १५ हजार रुपये. रघुजी म्हणजे नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक, आपल्या विदर्भाचा माणूस. ही तलवार 'फिरंग' आहे, म्हणजे पातं युरोपीय बनावटीचं. त्यावर देवनागरीत सोन्याने नाव कोरलंय. ते नाव वाचता आलं, म्हणून तलवार कुणाची हे कळलं. हेच तुमचं 'प्रॉडक्ट': पाहणं, वाचणं, ओळखणं.

दुसरं उदाहरण वाघनखांचं. जुलै २०२४ मध्ये ती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली, आधी साताऱ्याच्या संग्रहालयात. ती शिवरायांनी वापरलेलीच आहेत हे सिद्ध करता येत नाही, असं त्या म्युझियमनेच सांगितलंय. दावा आणि पुरावा यांतला फरक तुमच्या विद्यार्थ्याला कळला, तर कोर्स वसूल.

तुमच्या गावातही संधी आहे. ५ ऑक्टोबर २०२४ ला पोहरादेवीत बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. फौजांना धान्य पुरवणाऱ्या लमाण तांड्यांचा इतिहास आणि शस्त्रांचा इतिहास एकमेकांना लागूनच आहे. इथे येणाऱ्या माणसाला नीट माहिती सांगणारा वाटाड्या लागतोच. तोही तुमचा विद्यार्थी होऊ शकतो.

२. सर्टिफिकेटच्या तीन पायऱ्या

*पहिली: सहभाग प्रमाणपत्र.* हे तुम्ही उद्यापासून देऊ शकता. मात्र त्यावर स्पष्ट लिहा: "सहभागाबद्दल." 'सरकारमान्य' हा शब्द चुकूनही नको.

*दुसरी: संस्थेबरोबरचं प्रमाणपत्र.* पदवी फक्त विद्यापीठ किंवा कायद्याने तसा अधिकार दिलेली संस्थाच देऊ शकते. १९५६ चा यूजीसी कायदा तसं सांगतो. विद्यापीठ नसलेल्या संस्थेला नावात 'युनिव्हर्सिटी' शब्दही लावता येत नाही. पण अल्पमुदतीच्या कोर्ससाठी विद्यापीठाच्या इतिहास किंवा पुरातत्त्व विभागाकडे प्रस्ताव घेऊन जाता येतं. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं काम तर अभ्यासकेंद्रांमधूनच चालतं. अभ्यासक्रम मंजूर ते करणार, सही त्यांची असणार. शिकणारी माणसं आणि जाणकार तुम्ही आणणार.

*तिसरी: कौशल्य पात्रता.* इथे एनसीव्हीईटी ही राष्ट्रीय परिषद आणि तिचा पात्रता आराखडा येतो. स्वतः 'प्रमाणपत्र देणारी संस्था' होणं लहान उद्योजकाच्या आवाक्यातलं नाही. त्यापेक्षा आधीच मान्यता असलेल्या संस्थेचं प्रशिक्षण केंद्र व्हा. राष्ट्रीय पात्रता नोंदवहीत संग्रहालय, पर्यटन मार्गदर्शन, हस्तकला यांच्या जवळचं काही सापडतं का, ते आधी शोधा.

सुरुवात पहिल्या पायरीवरून करा, पण अभ्यासक्रम दुसरीच्या तयारीने लिहा.

३. परीक्षा नाही, तर किंमत नाही

तीन तास व्हिडिओ पाहिला की कागद, असं केलंत तर दुसऱ्या बॅचला कुणी येणार नाही. निदान एवढं ठेवा:

- फोटोवरून २० शस्त्रं ओळखणं: धोप, खंडा, पट्टा, कट्यार, बिचवा वगैरे.
- एका वस्तूची पूर्ण नोंद: लांबी, वजन, पातं, मूठ, कोरीवकाम, दुरुस्तीच्या खुणा, मालकीचा माग.
- एक दिवस प्रत्यक्ष संग्रहालयात. पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय किंवा नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय चालेल.
- कॅमेऱ्यासमोर दहा मिनिटांची तोंडी परीक्षा.

आणि शिकवणाऱ्याने परीक्षा घ्यायची नाही. परीक्षक बाहेरचा हवा. या एका नियमाने कागदाला वजन येतं.

४. इथे थांबायचं

ग्रुपवर शस्त्रांची खरेदी-विक्री नको म्हणजे नको. २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवड आणि औरंगाबादेत कुरियरने आलेल्या तलवारींचे साठे पोलिसांनी पकडले होते. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मध्ये पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या, बंदूक म्हणून वापरता न येणाऱ्या शस्त्रांना सूट आहे. पण एखादी वस्तू त्यात बसते की नाही, हे तुम्ही-आम्ही ठरवायचं नसतं. शिवाय शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते. तिचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही.

म्हणून तुमच्या सर्टिफिकेटवर हे वाक्य छापाच: "हा शस्त्र बाळगण्याचा, विकण्याचा किंवा मूल्यांकनाचा परवाना नाही."

५. आता हिशेब

आकडे फक्त उदाहरणासाठी. फी ३,००० रुपये. चार तज्ज्ञांचं मानधन १०,०००, संग्रहालय भेट १२,०००, परीक्षक ६,०००, ऑनलाइन सोय आणि छपाई ४,०००. एकूण ३२,०००. भागीदार संस्थेचा वाटा फीच्या २५ टक्के धरला, तर एका विद्यार्थ्यामागे तुमच्याकडे उरतात २,२५० रुपये.

१२ विद्यार्थी आले, तर ५,००० चा तोटा. २० आले, तर १३,००० हातात. म्हणजे १५ जणांची फी जमा झाल्याशिवाय बॅच सुरू करायची नाही. ग्रुपवर चारशे 'अंगठे' आले म्हणजे चारशे गिऱ्हाईकं नव्हेत. शंभरातले पाच आले तरी खूप समजा. सेवा व्यवसायात वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी लागते, तेही डोक्यात ठेवा.

या आठवड्याचा गृहपाठ

१. एका पानावर लिहा: कोर्स संपल्यावर विद्यार्थ्याला कोणत्या पाच गोष्टी *करता* येतील?
२. ग्रुपमधल्या तीन जाणकारांना विचारा: शिकवाल का, आणि मानधन किती?
३. जवळच्या विद्यापीठाच्या एका विभागप्रमुखांना भेटीसाठी पत्र लिहा.

शस्त्रांच्या जागी पैठणी, जुनी नाणी, मोडी लिपी किंवा बंजारा भरतकाम घाला. गणित हेच राहतं. आधी ज्ञान, मग परीक्षा, मग मान्यता आणि सगळ्यात शेवटी छपाई. हा क्रम उलटा केला, की विद्यार्थ्याचे पैसे जातात आणि तुमचं नाव जातं. गावात पैसे पुन्हा मिळतात, नाव मिळत नाही.

कामाला लागा!